टर्नटेबलचा आवाज एवढा दबका का?

सीडीला अ‍ॅम्पचा (अ‍ॅम्प्लिफायरचा) आवाजाचा नॉब पाव फिरवला तरी पुरायचा. टर्नटेबलला, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राला, मात्र तो शेवटपर्यंत नेला, तरी गाणं पलीकडच्या खोलीत वाजतंय असं वाटायचं. जास्त वॅटचा अ‍ॅम्प घे, असा सल्ला मिळाला. तो पटेना, कारण याच अ‍ॅम्पवर बाकी सगळं दणकून वाजत होतं. शिवाय आवाज नुसता लहान नव्हता. खर्ज जवळजवळ गायब आणि झांजांची चिरचिर तेवढी पुढे. धागा तिथेच सापडला.

रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबतात, नाहीतर खाच फार रुंद होऊन तबकडीवर कमी वेळाचं संगीत मावतं. वरचे सूर उलट चढवतात, म्हणजे तबकडीची खरखर त्यांच्याखाली झाकली जाते. १९५४पासूनच्या आरआयएए (अमेरिकेतल्या रेकॉर्ड उद्योगाची संघटना) मानकानुसार २० हर्ट्‌झला खर्जाची ही काटछाट सुमारे २० डेसिबल असते. ती वाजवताना भरून काढणं आणि टर्नटेबलचा बारीक सिग्नल अ‍ॅम्पला देण्याआधी वाढवणं हे फोनो प्रीअ‍ॅम्पचं काम. माझ्या अ‍ॅम्पला फोनो इनपुटच नव्हतं, टर्नटेबलमध्येही प्रीअ‍ॅम्प नव्हता. वायर सरळ ऑक्समध्ये, म्हणजे अ‍ॅम्पच्या साध्या इनपुटमध्ये.

आकडे पाहिल्यावर तर हसूच आलं. माझं कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) मूव्हिंग मॅग्नेट प्रकारचं, ४ मिलिव्होल्टचं, आणि सीडी प्लेअर देतो कमाल २ व्होल्ट!

वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प आणला, ४० डेसिबलचा, म्हणजे सिग्नल शंभरपट करणारा. (मूव्हिंग कॉइल या दुसऱ्या प्रकारचं कार्ट्रिज बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टच्याही आत असतं, त्याला ६०च्या आसपास लागतात. म्हणून खरेदीआधी कार्ट्रिजचा कागद वाचावा.) जोडल्याबरोबर खर्ज परतला, सोबत एक घुंऽऽ पण आली. टर्नटेबलची अर्थिंगची बारीक वायर प्रीअ‍ॅम्पच्या स्क्रूला आवळली, घुंऽऽ गेली.

तरी सीडीइतका आवाज नाहीच. चार मिलिव्होल्टचे शंभरपट चारशे, सीडीचे दोन हजार, म्हणजे फरक राहणारच. नॉब अर्ध्यावर नेला की खोली भरते, मला तेवढं पुष्कळ. फक्त रेकॉर्डवरून सीडीवर जाताना आधी नॉब खाली आणावा लागतो, नाहीतर पहिल्याच सुराला दचकायला होतं.

टर्नटेबलमध्ये प्रीअ‍ॅम्प असेल, तर मागचा स्विच ‘लाइन’वर ठेवून वायर ऑक्समध्येच द्यावी. अ‍ॅम्पच्या फोनोत दिली तर दोनदा वाढ होते आणि आवाज फाटतो.