शूसाठी घंटी: चौथ्या महिन्यातली नोंद

कुत्र्याचं पिल्लू चौथ्या महिन्यात आहे. शू लागली की दाराला टांगलेली घंटी नाकाने वाजवून सांगायचं, हे त्याला शिकवणं चालू आहे. दाराशी नेलं की घंटी वाजवतं, पण शू लागल्यावर आपणहून जाऊन वाजवणं अजून क्वचितच. या वयात तेवढंच अपेक्षित आहे. घंटी ही सांगायची सोय आहे, तिने मूत्राशयाची धारणशक्ती वाढत नाही. वयाचे जितके महिने तितके तास शू धरता येते, फार तर एखादा जास्त, हा ढोबळ अंदाज. जागं आणि खेळत असताना त्याहून खूपच कमी. त्यामुळे झोपेतून उठल्यावर, खेळ थांबल्यावर आणि खाल्ल्यावर 5 ते 30 मिनिटांत बाहेर नेणं चालूच आहे.

घंटी तोंडात मावणार नाही एवढी मोठी, जाड दोरीला, नाकाच्या उंचीवर. चिरेची छोटी घुंगरं नकोतच: चिरेत नख अडकतं आणि सुटलेलं घुंगरू पोटात जातं. आवाजाला बिचकणाऱ्या पिल्लासाठी लोलकाला कापडी चिकटपट्टी गुंडाळायची आणि रोज थोडी कमी करायची.

नाक लावायला शिकवताना दार लांबच बरं. घंटी नाकापासून दोन बोटांवर धरायची. हुंगताना नाक लागलं की त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि मटाराएवढा खाऊ. घंटी त्याच्या अंगावर नेली की पिल्लू मागे सरकायला शिकतं. घंटीला खाऊ चोपडायची युक्ती सर्रास सांगतात. त्याने ती चाटायची वस्तू होते, म्हणून ती टाळलेली बरी. सराव दोन-तीन मिनिटांचा, भूक असताना.

दाराला टांगल्यावर मात्र नियम बदलतो, आणि बहुतेकांचं इथेच बिनसतं. आता घंटीला खाऊ नाही. घंटीचं बक्षीस म्हणजे दार उघडणं, तेही लगेच. वाजली की पट्टा लावायचा, नेहमीच्याच जागी न्यायचं आणि तीन ते पाच मिनिटं गप्प उभं राहायचं. शू पूर्ण संपली की दोन सेकंदांत, तिथेच खाऊ. मध्येच कौतुक केलं तर ती अर्धवट राहते आणि उरलेली घरात होते. घरात आल्यावर दिलेला खाऊ पिल्लू घरात येण्याशी जोडतं. काही झालं नाही तर आत आणून 10-15 मिनिटं पट्ट्यानेच जवळ ठेवायचं, मग पुन्हा बाहेर.

नुसतं फिरायला मिळावं म्हणून घंटी बडवणं जवळपास प्रत्येक पिल्लू करून बघतं. घंटी काढू नका, दुर्लक्षही करू नका. तीच जागा, तीच मिनिटं, शू नाही तर खेळही नाही. लिफ्टच्या इमारतीत पट्टा आणि किल्ली दाराशीच टांगलेली हवी, कारण घंटीनंतर हाताशी वेळ थोडाच असतो.

घरात झालीच तर ओरडू नये. पिल्लू फक्त लपून करायला शिकतं. डाग एन्झाइमयुक्त क्लीनरने पुसावा. अमोनियाच्या क्लीनरचा वास मुताच्या वासाशी मिळताजुळता असतो, म्हणून तो नको. घंटी अचानक सारखी वाजू लागली आणि थेंब-थेंबच होत असेल, किंवा रक्त दिसलं, तर शिकवणं थांबवून लगेच पशुवैद्याकडे.

पुढचं काम: दाराच्या दोन पावलं अलीकडे थांबायचं, घंटीकडे बोट न दाखवता पाच सेकंद वाट बघायची. नाक लागलं नाही तरी बाहेर न्यायचंच. ते जमू लागलं की थांबायची जागा दारापासून आणखी मागे.