व्हाइटबोर्ड व्हिडिओचं सॉफ्टवेअर घेताय? आधी त्यात ‘विद्यार्थी’ लिहून बघा

व्हाइटबोर्ड ॲनिमेशनचं, म्हणजे फळ्यावर हात लिहीत जातोय असे व्हिडिओ करायचं, कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यात ‘विद्यार्थी’ हा एकच शब्द टाइप करून बघा. लिहिणारे हात किती प्रकारचे आहेत, तयार चित्रं किती आहेत, संगीत फुकट मिळतं का, हे सगळं नंतर. या शब्दात पहिली वेलांटी आहे, जोडाक्षर आहे आणि रफारही आहे. तिन्ही जागच्या जागी दिसले तरच पुढे जा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर फार मनस्ताप वाचला असता.

मी अपूर्णांकांवर मराठीतून छोटे धडे करते. हात फळ्यावर लिहीत जातो, मागून आवाज समजावत जातो, ही पद्धत गणिताला फार छान बसते, कारण एकेक पायरी मुलांच्या डोळ्यांसमोर तयार होते. व्हिडिओस्क्राइब, डूडली, पॉवटून, ॲनिमेकर अशी नावं सगळीकडे दिसतात. काही संगणकावर उतरवून घ्यायची, काही ब्राउझरमध्येच चालणारी. नमुने पाहून मी एक निवडलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. सगळ्या भाषा चालतात असं त्यांच्या माहितीत स्पष्ट लिहिलं होतं. चाचणी आवृत्तीत आपला फॉन्ट घालायची सोय बंद होती, पैसे भरल्यावरच ती उघडली.

आणि ती उघडल्यावर ‘विद्यार्थी’ची पार वाट लागली. ‘वि’ची वेलांटी पुढे सरकून ‘द’ला चिकटली. ‘द्य’ फुटला आणि ‘द’खाली हलन्त लोंबायला लागला. रफार डोक्यावर जायचा, तर अख्खा ‘र’ शेजारी उभा राहिला. हा शब्द मी मुलांना दाखवणार?

मग मदत विभागाशी पत्रव्यवहार सुरू झाला. पहिलं उत्तर आलं, फॉन्ट पुन्हा इन्स्टॉल करा. केला. मग स्क्रीनशॉट मागितला. पाठवला, शेजारी बरोबर लिहिलेला शब्दही दिला आणि कुठे काय चुकतंय ते बाण काढून दाखवलं. त्यावर दुसरा फॉन्ट वापरून बघा म्हणाले. मुक्ता झाला, नोटो सान्स देवनागरी झाला, मोडतोड तीच. मग सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. दरवेळी उत्तर देणारी व्यक्ती नवी, म्हणजे सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी कुणीतरी एका ओळीत कळवलं की अशा लिप्यांची सोय अजून केलेली नाही. तोवर पैसे परत मागायची मुदत उलटून गेली होती. ही एक ओळ पहिल्याच दिवशी लिहिता आली असती. याचा राग अजून गेलेला नाही.

दोष फॉन्टचा नव्हताच. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर सगळ्या लिप्या साठवायच्या सामाईक पद्धतीत, ‘वि’ साठवताना आधी ‘व’ आणि मग वेलांटी असते. दाखवताना वेलांटी आधी आणायची, जोडाक्षरं जुळवायची, रफार वर चढवायचा. याचे नियम फॉन्टमध्ये असतात, पण ते वाचून अंमलात आणणारी यंत्रणा सॉफ्टवेअरमध्ये लागते. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हार्फबझ नावाची अशी यंत्रणा आहे, म्हणून ब्राउझरमधल्या साधनांत मराठी बऱ्याचदा नीट दिसतं. पण तेवढ्यावर विसंबू नका. एका ठिकाणी पडद्यावर सगळं सुरेख होतं आणि तयार व्हिडिओत अक्षरं तुटली. तेव्हा दहा सेकंदांचा का होईना, व्हिडिओ एक्सपोर्ट करूनच ठरवा. चाचणीत ते करू देत नसतील तर देवनागरी चालते का हे लेखी विचारा आणि उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका.

युनिकोडच्या आधीच्या काळातला फॉन्ट वापर, असा सल्ला मला मिळाला. त्यात अक्षरांचे तयार तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असल्यामुळे शब्द तुटत नाही, हे खरं. पण मजकूर दुसरीकडे नेला की निरर्थक इंग्रजी अक्षरं उरतात आणि दुरुस्ती करताना जीव जातो.

दुसरा मार्ग म्हणजे इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्द लिहायचा, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करून त्या अक्षरांचं रेघांच्या आकारात रूपांतर करायचं आणि ती एसव्हीजी (रेघांच्या चित्राची) फाइल आत घ्यायची. शब्द शाबूत राहतो, पण हात लिहीत नाही, अक्षराची कड गिरवतो. पोकळ ‘व’ची बाहेरची रेघ, मग आतली, आणि शेवटी एकदम काळा रंग. शिरोरेषाही प्रत्येक अक्षरासोबत तुकड्यातुकड्याने येते. आपण आधी अक्षरं काढतो आणि मग शब्दावरून सलग रेघ ओढतो. लिहायला शिकणाऱ्या मुलांसमोर ते तसंच दिसायला हवं, यावर मी ठाम होते.

म्हणून दुसरं सॉफ्टवेअर निवडताना एकच कसोटी लावली: आपण आणलेल्या चित्रावर हाताचा मार्ग आपल्याला आखता येतो का? ते मिळालं. आता शब्द इंकस्केपमध्ये मुक्ता फॉन्टमध्ये लिहिते, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी ही चित्राची फाइल करते आणि आत आणून त्यावर जाड रेघेने वळण गिरवते. आधी अक्षरं, मग मात्रा-वेलांट्या, शेवटी शिरोरेषा. ‘अंश’, ‘छेद’, ‘सममूल्य’ हे शब्द एकदाच केले, आता प्रत्येक धड्यात वापरते. पहिल्यांदा हाताने शब्द पुरा करून वरून डावीकडून उजवीकडे रेघ ओढली तेव्हा मी तो तुकडा पुन्हा पुन्हा लावून पाहिला. इतकी खूश झाले होते!

पैसे घालायचेच नसतील आणि शिकायला वेळ असेल तर ब्लेंडर हे फुकट ॲनिमेशन सॉफ्टवेअर बघा. त्यातल्या ग्रीस पेन्सिल या रेघा काढायच्या साधनाला ‘बिल्ड’ मॉडिफायर (रेघा उमटत जाण्याचा परिणाम) लावला की रेघा ज्या क्रमाने काढल्या त्याच क्रमाने उमटतात. स्वतःच्या अक्षरात लिहायचं असेल तर हे उत्तमच, फक्त संगणकाला जोडून पेनाने लिहायची पाटी, म्हणजे पेन टॅब्लेट, हाताशी हवी.

आवाज आधी रेकॉर्ड करा आणि चित्रं त्याच्या मापाने बसवा. उलट केलंत तर हात रेंगाळतो नाहीतर पळत सुटतो. आणि वर्गणीचं सॉफ्टवेअर असेल तर वर्गणी संपल्यावर जुने प्रोजेक्ट उघडतात का, वॉटरमार्कशिवाय (कंपनीच्या शिक्क्याशिवाय) निघतात का, हे अटींमध्ये शोधा. तयार चित्रं विकायच्या व्हिडिओत वापरता येतात का, तेही तिथेच लिहिलेलं असतं. मी प्रत्येक धड्याचा आवाज, एसव्हीजी आणि पीएनजी फायली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते, म्हणजे उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी शब्द पुन्हा लिहायला लागणार नाहीत.