कार्ड १२८ जीबीचं, जागा तीसची : माझा अनुभव

"सर, तुमच्याच स्क्रीनशॉटमध्ये कपॅसिटी ११९ जीबी दिसतेय. म्हणजे कार्ड ओके आहे." कस्टमर केअरचं हे वाक्य मी इतक्या वेगवेगळ्या आवाजांत ऐकलं, की शेवटी शेवटी समोरच्याच्या आधी मीच ते म्हणून टाकायचो.

विषय एवढासा होता. माझ्याकडे सॅनडिस्कचा सान्सा क्लिप झिप हा गाणी ऐकायचा छोटा प्लेअर आहे. २०११ साली आलेलं मॉडेल, आकार काडेपेटीएवढा, वर रॉकबॉक्स (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकायचं फुकट सॉफ्टवेअर) टाकलेलं. "फोनवर ऐक की" असं सांगणारे घरात आहेत. विलंबित रंगात आलेला असताना कुरिअरवाल्याचा फोन आला की काय होतं, ते त्यांना कळत नाही. जुन्या कॅसेटींवरून उतरवलेलं नाट्यसंगीत आणि फ्लॅकमधल्या (दर्जा न घटवता आकार कमी करणाऱ्या फायलींतल्या) मैफिली आता ३२ जीबीत मावेनात, म्हणून १२८ जीबीचं मायक्रोएसडी मेमरी कार्ड ऑनलाइन मागवलं. पाकिटावर नाव नामांकित कंपनीचं होतं आणि किंमत दुकानापेक्षा थोडीशीच कमी, त्यामुळे 'स्वस्ताच्या नादाला लागलास' असं ऐकवायचीही सोय नाही. कार्ड आलं, फॉरमॅट केलं, गाणी भरली. सगळं सुरळीत.

काही दिवसांनी लक्षात आलं की ठरावीक फोल्डरांतली गाणी वाजतच नाहीत. यादीत नाव असतं, फाइलचा आकारही बरोबर असतो, पण प्लेअर सरळ पुढच्या गाण्यावर उडी मारतो. आधी भरलेली गाणी ठणठणीत, नंतरची गेलेली. न वाजणारी एक फाइल परत संगणकावर घेतली आणि मूळ फाइलशी ताडून पाहिली. आकार बाइटसकट तोच. उघडून बघितली तर आत शून्यांच्या रांगा. गाण्याच्या नावाची पाटी आहे, आत बिऱ्हाडच नाही.

यामागची लबाडी सोपी आहे. मेमरी कार्डात साठवणीच्या चिपबरोबर एक छोटा कंट्रोलर असतो आणि आपल्याकडे जागा किती, हे संगणकाला तोच सांगतो. त्याला १२८ म्हणायला शिकवलं की तो १२८ म्हणतो, आत चिप ३२ची का असेना. जागा संपली तरी तो लिहून घेतल्याची हमी देत राहतो आणि माल कुठे जातो ते कोणी विचारायचं नाही.

हे पकडायला एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा छोटासा फुकट प्रोग्राम आहे, एका जर्मन संगणक-मासिकानं दिलेला. तो १-१ जीबीच्या फायलींनी कार्ड काठोकाठ भरतो आणि मग लिहिलेलं सगळं परत वाचून बघतो. तो विंडोजवरचा; मॅक किंवा लिनक्स असेल तर तसाच एफ३. दोन्हींना वेळ लागतो, रात्री लावून झोपायचं. माझ्या कार्डाचा निकाल सकाळी तयार होता: सुमारे ३० जीबी ठीक, बाकी 'डेटा लॉस्ट'.

आता यापुढे काय अवघड असणार, पुरावा हातात आहे, असं मला वाटलं. इथून खरी करमणूक सुरू झाली.

कस्टमर केअरनं कार्डाच्या 'प्रॉपर्टीज'चा स्क्रीनशॉट मागितला. तिथे अर्थातच ११९ दिसतात. (१२८ छापलेलं कार्ड विंडोजमध्ये ११९ दिसतं यात लबाडी नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या. तेवढ्यावरून दुकानदाराशी भांडू नका.) मी एचटूटेस्टडब्ल्यूचा निकाल पाठवला. उत्तर आलं, "थर्ड पार्टी सॉफ्टवेअरचा रिपोर्ट आम्ही स्वीकारत नाही." अरे, पण कार्ड खोटं बोलतंय हे कार्डालाच विचारून कसं कळणार? चोराला 'तू चोर का' विचारायचं आणि 'नाही' म्हणाला की फाइल बंद. हे मी फोनवर जवळजवळ याच शब्दांत बोललो. पलीकडून "तुमची गैरसोय समजू शकतो" आलं आणि तक्रार बंद झाल्याचा मेसेजही आला, वर 'आमची सेवा कशी वाटली' म्हणून पाच चांदण्या.

पुन्हा तक्रार उघडली. या वेळी माल परत न्यायला माणूस पाठवला. बिचारा भर दुपारी तीन जिने चढून आला. त्याच्या ॲपमध्ये प्रश्न होता, 'छापील क्षमता आणि दिसणारी क्षमता जुळते का?' त्याच्या फोनला कार्डाची खाचच नव्हती, म्हणून माझ्याच लॅपटॉपवर बघितलं. जुळत होती. त्यानं 'दोष आढळला नाही'वर बोट ठेवलं, मी दिलेलं पाणी प्यायला आणि रिकाम्या हातानं गेला. त्याच्यावर राग नाही, त्याला दुसरा पर्यायच दिलेला नव्हता. तो प्रश्न ज्यानं लिहिला त्याला मात्र एकदा त्या कार्डावर मैफल भरून द्यायची इच्छा आहे.

शेवटी फोनाफोनी बंद केली, आणि हेच आधी करायला हवं असं मी आता सगळ्यांना सांगतो. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं असतं. मी त्याला ई-मेल केला. निकालाबरोबर एक व्हिडिओ जोडला: कार्डावर ४० जीबी गाणी टाकली, कार्ड काढून परत घातलं, शेवटची फाइल चालवली, चालली नाही. कुठलंही 'थर्ड पार्टी' नाही, नुसतं कॉपी आणि पेस्ट. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आणि तो क्रमांक ई-मेलच्या विषयातच लिहिला. मग भाषा बदलली. 'सर'चे 'आदरणीय ग्राहक' झालो आणि कार्ड न तपासता घेऊन गेले.

दुसरं कार्ड बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून घेतलं, पक्क्या बिलावर. आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी पाकिटावर आहे ना, ते बघून. घरी आल्यावर एकही गाणं न भरता आधी रात्रभराची चाचणी. पास झालं.

निवडीबद्दल विचाराल, तर पाकिटावरच्या बहुतेक खुणा आपल्या कामाच्या नाहीत. क्लास १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी, व्ही३० म्हणजे ३०. ती व्हिडिओ शूटिंगवाल्यांची गरज. २४-बिट, १९२ किलोहर्ट्झचं, म्हणजे अगदी वरच्या दर्जाचं स्टीरिओ संगीत कॉम्प्रेस न करताही सेकंदाला सव्वा एमबीच्या आतच असतं. ए१-ए२ हे कार्डावर फोनची ॲप चालवणाऱ्यांसाठी. 'ऑडिओ ग्रेड' म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर नमस्कार करून पुढे व्हा. वेग जाणवतो तो फक्त गाणी भरताना, आणि तिथेही प्लेअरला केबल लावण्यापेक्षा कार्ड रीडर वापरलेला बरा.

हो, फॉरमॅटचं राहिलं. फॉरमॅट म्हणजे कार्डावर फायली मांडायची पद्धत. ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट पद्धतीत येतात आणि क्लिप झिपसारख्या जुन्या प्लेअरला फॅट३२ ही जुनी पद्धत लागते. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत एवढ्या मोठ्या कार्डाला तो पर्यायच येत नाही, तेव्हा रुफस किंवा गुईफॉरमॅट हे फुकट प्रोग्राम वापरा. फॅट३२मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल राहत नाही, म्हणून लांबलचक मैफिलीचं वेव्ह (कॉम्प्रेस न केलेलं) रेकॉर्डिंग असेल तर तुकडे करा, नाहीतर फ्लॅक करा.

आणि परतावा मागताना 'ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात' असं पहिल्याच ई-मेलमध्ये लिहा. माझे आले ते त्यांच्याच वॉलेटमध्ये, आणि ते बाहेर काढायला परत त्याच अधिकाऱ्याला लिहावं लागलं.