शिफारस आधी, फाइल नंतर

शासनव्यवहारात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्याची चर्चा निघाली की ‘अंतिम निर्णय माणसाचाच राहील’ असे आश्वासन हमखास दिले जाते. मला त्याने दिलासा मिळत नाही. अर्जांच्या छाननीचे काम मी काही काळ केले आहे आणि पडद्यावर संगणकाची शिफारस आधीच उमटलेली असली, की फाइल वाचण्यापूर्वीच आपले मत कसे बनून जाते, हे मी स्वतः अनुभवले आहे. होकाराला एक क्लिक पुरते. वेगळे मत द्यायचे तर कारणे लिहावी लागतात आणि तोवर खोळंबलेल्या अर्जांचा ढीग वाढत असतो.

ऑस्ट्रेलियात जादा दिलेला सरकारी भत्ता वसूल करण्यासाठी आणलेल्या ‘रोबोडेट’ योजनेत तर तेवढाही माणूस उरला नव्हता. तिथे कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती, होता तो साधा भागाकार. समजा, एखाद्याने वर्षातले १३ पंधरवडे बेकारीत भत्त्यावर काढले आणि उरलेल्या १३ पंधरवड्यांत दर वेळी २,००० डॉलर कमावले. प्रणाली ते २६,००० डॉलर २६ पंधरवड्यांत सारखे वाटून टाकी. मग बेकारीच्या काळातही दर पंधरवड्याला १,००० डॉलरची कमाई दिसे आणि घेतलेला भत्ता परत करण्याची नोटीस निघे. पूर्वी अशी तफावत दिसली की कर्मचारी पडताळणी करत. आता कित्येक वर्षांपूर्वीच्या पगारपावत्या शोधून आपले निर्दोषत्व सिद्ध करण्याची जबाबदारी नागरिकावर आली. सुमारे ४ लाख ७० हजार प्रकरणांतली वसुली परत करू, असे सरकारने २०२० मध्ये जाहीर केले आणि ही पद्धत न्याय्यही नव्हती, कायदेशीरही नव्हती, असे २०२३ च्या चौकशी आयोगाने स्पष्ट केले.

नेदरलँड्समधील प्रकरण मला अधिक अस्वस्थ करते, कारण तिथे माणूस होता. बालसंगोपन भत्त्याच्या अर्जांना आधीच्या नोंदींवरून स्वतः शिकणारी एक प्रणाली जोखमीचे गुण देत असे, त्यात अर्जदाराचे नागरिकत्वही जमेस धरले जाई, आणि जास्त गुणांचे अर्ज अधिकाऱ्याकडे तपासणीला जात. पण हे गुण का पडले, हे त्या अधिकाऱ्याला कळण्याची सोयच नव्हती. हजारो पालकांवर फसवणुकीचा ठपका बसला, संसार कर्जात बुडाले आणि जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला.

वयाची अट, मुदत, बेरीज ही कामे ठरलेल्या नियमांनी चालणाऱ्या यंत्रणेने खुशाल करावीत. हजारो अर्जांतून वेगळे काही दिसणारे अर्ज निवडण्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत मोलाची आहे; मात्र ती देते तो अंदाज असतो, पुरावा नव्हे. कुणाचा भत्ता थांबवायचा किंवा कुणावर ठपका ठेवायचा असेल, तिथे मला विवेक वापरू शकणारा अधिकारी हवा, म्हणजे ज्याला शिफारशीमागची कारणे दिसतात, शिफारस फेटाळण्याचा अधिकार आहे आणि फेटाळल्याबद्दल ज्याला जाब द्यावा लागत नाही. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने उच्च जोखमीच्या प्रणालींसाठी मानवी देखरेख बंधनकारक करताना यंत्रावर आपोआप विसंबण्याच्या प्रवृत्तीचा मुद्दाम उल्लेख केला आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

माझी सूचना साधी आहे: काही फाइलींमध्ये तरी अधिकाऱ्याने आपले मत आधी नोंदवावे आणि मगच यंत्राची शिफारस त्याला दिसावी. दोन्ही मते किती वेळा वेगळी पडली, याची नोंद जाहीर व्हावी. मला त्या टेबलावर एकेका फाइलसाठी दहा मिनिटे मिळाली असती, तर किती अर्जांवर मी वेगळा शेरा लिहिला असता, हा प्रश्न मला अजूनही छळतो.