चढ टाळून प्राग : आईबाबांसोबत एक दिवस

प्रागचा किल्ला टेकडीवर आणि जुनं शहर नदीपलीकडे सपाटीवर. मध्ये चढ, पायऱ्या आणि दगडी फरसबंदी. बहुतेक लोक जुन्या शहरातून निघतात, पूल ओलांडतात आणि किल्ला चढतात. आईच्या गुडघ्यांना ते झेपलं नसतं, आणि बाबांचा उत्साह दांडगा असला तरी चढावर त्यांना दम लागतो. दोघं सांगलीहून आमच्याकडे ड्रेस्डेनला आले होते. इथून प्राग रेल्वेने अडीच तासांच्या आत-बाहेर, त्यामुळे सकाळी जाऊन रात्री परतता येतं. पण दिवस आखायचा तो आईच्या गुडघ्यांकडे बघून, हे मी आणि नवऱ्याने आधीच ठरवलं होतं.

वार शनिवार निवडला. रविवारी सकाळी किल्ल्यातल्या कॅथेड्रलमध्ये प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारपर्यंत थांबावं लागतं. सोमवारी जुन्या चौकातलं टीन चर्च बंद असतं, आणि ते बाबांसाठी बघायचंच होतं. दोघांचा शेंगेन व्हिसा जर्मनीचा होता, तो चेक देशातही चालतो. पासपोर्ट आणि विम्याचे कागद मात्र बरोबर घेतले. जर्मनीत शिरताना गाडीत तपासणी होते आणि परतीच्या वेळी झालीही.

गाडीत डाव्या हाताच्या खिडक्या राखून ठेवल्या होत्या, कारण ड्रेस्डेन सोडलं की एल्ब नदी त्याच बाजूला लागते. पलीकडे वालुकाश्माचे उभे कडे, खाली पाण्यातून जाणाऱ्या बोटी. सीमा ओलांडली की हीच नदी लाबे होते. आई एरवी गाडीत डुलक्या काढते, त्या दिवशी डेचीन येईपर्यंत तिने खिडकी सोडली नाही.

प्रागच्या मुख्य स्टेशनवर उतरल्यावर चोवीस तासांची तिकिटं काढली. कागदी तिकीट पहिल्या प्रवासाआधी पिवळ्या यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्यावी लागते. तपासनीस साध्या कपड्यांत फिरतात, त्यामुळे हे विसरून चालत नाही. मुलांना आणि ज्येष्ठांना सवलत असते, पण वयाचा पुरावा जवळ हवा. चलन युरो नाही, कोरुना आहे. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. यंत्राने ‘युरो की कोरुना’ असं विचारलं तर कोरुनाच निवडावं, नाहीतर दर महाग पडतो. स्वच्छतागृहांसाठी थोडी सुटी नाणी असावीत, वयस्कर माणसं बरोबर असताना ती फार उपयोगी पडतात.

स्टेशनवरून मेट्रोने दोन थांबे जाऊन आय. पी. पाव्हलोवाला उतरलो आणि बावीस नंबरची ट्राम धरली. प्रागला कोणीही वडीलधाऱ्यांना नेणार असेल तर मी त्याला सगळ्यात आधी हीच ट्राम सांगेन. राष्ट्रीय नाट्यगृहावरून ती नदी ओलांडते, जुन्या वाड्यांच्या अरुंद गल्लीतून वाट काढते आणि वळणं घेत टेकडीवर चढते. आपण खिडकीशी बसून शहर बघायचं. ‘प्राझ्स्की ह्राद’ थांब्यावर उतरलं की किल्ल्याच्या मागच्या बाजूने, जवळजवळ सपाट रस्त्याने, पाच-सात मिनिटांत दुसऱ्या चौकात पोचतो. दाराशी सुरक्षा तपासणीची रांग होती, पण भराभर सरकत होती.

आत बघण्यासारखं खूप आहे. आम्ही कॅथेड्रल एके कॅथेड्रल केलं. सेंट व्हिटसचा पाया १३४४ साली घातला आणि बांधकाम पुरं झालं १९२९ साली. मध्ये युद्धं झाली, पैसा आटला, आणि अर्धवट चर्च शतकानुशतकं तसंच उभं राहिलं. बाबा मान वर करून बराच वेळ कमानी बघत होते. “ज्यांनी सुरू केलं त्यांना माहीत असणार, आपल्याला पुरं झालेलं दिसणार नाही,” एवढंच म्हणाले.

आई एका खिडकीपाशी थांबली. ती अल्फोन्स मुखा या चेक चित्रकाराची खिडकी. इतर खिडक्यांत रंगीत काचेचे तुकडे जोडलेले दिसतात, इथे काचेवर रंगवलेलं आहे. कडेला निळे-हिरवे रंग, आणि मध्याकडे जावं तसं सगळं पिवळं-तांबडं होत जातं. मधोमध एक मुलगा हात जोडून आणि त्याच्या मागे एक वयस्क स्त्री. तो मुलगा म्हणजे वाक्लाव, या देशाचा संत, आणि ती त्याची आजी लुडमिला. हे कळल्यावर आईने नातवाला, म्हणजे आमच्या मुलाला, जवळ ओढून तिथल्या बाकावर बसवलं आणि दोघं खिडकीतलं एकेक चित्र ओळखत बसले. त्या वेळात आमचा राजवाडा बघून झाला असता. मला त्याची जराही खंत नाही.

बाहेर आल्यावर बाबांनी नातवाला राजवाड्याची भिंत दाखवली. इथल्याच एका खिडकीतून १६१८ साली चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या दोन अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणीसाला खाली फेकलं होतं. तिघंही वाचले, पण तीस वर्षांच्या युद्धाची ठिणगी तिथेच पडली. नातवाचा पहिला प्रश्न : “वाचले कसे?” त्यावर बाबांनी कॅथलिकांची आणि प्रोटेस्टंटांची अशी दोन्ही उत्तरं सांगितली. एकात देवदूत होते, दुसऱ्यात उकिरडा.

आता खाली उतरायचं. दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार वाईट. नवरा आणि मुलगा जुन्या पायऱ्यांनी गेले, आम्ही तिघं आल्या वाटेने परत जाऊन त्याच ट्रामने मालोस्त्रान्स्के चौकात उतरलो. तिथून कांपा बाग जवळ आहे. नदीकाठच्या बाकांवर बसून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं असा डबा उघडला. इथल्या खानावळीत शाकाहारी म्हणून हमखास तळलेलं चीज मिळतं, पण त्याच्या आवरणात अंडं असतं. आई अंडं खात नाही, म्हणून डबा घरूनच आणला होता. जेवणानंतर बाबांनी बाकावरच अर्धा तास डोळे मिटले. असा अर्धा तास आखणीतच ठेवावा.

चार्ल्स ब्रिज सपाट आहे आणि त्यावर वाहनं नाहीत. १३५७ साली सुरू झालेला हा पूल १८४१ पर्यंत व्ल्टावा नदीवरचा शहरातला एकुलता एक पूल होता. दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे आहेत. जुन्या शहराकडे जाताना डाव्या हाताला संत नेपोमुकचा पुतळा लागतो. राजाच्या हुकुमावरून १३९३ साली त्याला नदीत टाकण्यात आलं. त्याच्या चौथऱ्यावरचे ब्राँझचे पट काळे पडले आहेत, पण लोक जिथे हात लावतात तेवढी जागा देवळाच्या पितळी उंबऱ्यासारखी लखलखते. आईने न सांगता हात लावला आणि तो कपाळाला नेला.

जुन्या चौकात टाऊन हॉलच्या भिंतीवरचं खगोलीय घड्याळ १४१० सालचं आहे. दर तासाला खिडक्या उघडतात, प्रेषितांच्या मूर्ती फिरतात, सांगाडा घंटा ओढतो आणि शेवटी कोंबडा आरवतो. हे सगळं मिनिटभरात संपतं, आणि त्यासाठी चौकात मुंगीला शिरायला जागा नसते. पाकीटमारांचीही ती आवडती वेळ. आम्ही मुलासाठी ते लांबून पाहिलं आणि गर्दी पांगल्यावर तबकडीच्या समोर गेलो. खरी गंमत तबकडीत आहे. तिच्यावर राशींचं वर्तुळ आहे, आणि सोनेरी सूर्य व चंद्राचा गोळा त्याच्यावरून सरकतात. गोळा अर्धा रुपेरी, अर्धा काळा, आणि कलेप्रमाणे स्वतःभोवती फिरतो. त्या दिवशी तो निम्मा उजळ होता. “अष्टमी,” आई लगेच म्हणाली. मग तिने सूर्याची रास शोधली आणि अडली. “हा मिथुनेत दाखवतोय. अजून रोहिणी चालू आहे, मृग लागायचाय, सूर्य वृषभेतच हवा.”

बाबा विज्ञानाचे शिक्षक होते, त्यांना हाच प्रश्न हवा होता. हे घड्याळ सायन राशी दाखवतं, वसंतसंपातापासून, म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य असतो त्या बिंदूपासून, मोजलेल्या. आपलं पंचांग निरयन, ताऱ्यांवरून मोजलेलं. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डोलतो म्हणून संपातबिंदू हळूहळू मागे सरकतो, आणि दोन्ही मोजण्यांत आज सुमारे २४ अंशांचं अंतर पडलं आहे. आईने पुन्हा तबकडीकडे पाहिलं, मनातल्या मनात अंश मोजले आणि “मग बरोबर आहे” असं म्हणून घड्याळाला पास केलं. टाऊन हॉलच्या पायाशी फरसबंदीत पांढऱ्या दगडाचे २७ क्रूस आहेत. राजवाड्याच्या भिंतीपाशी बाबांनी सांगितलेल्या त्या प्रोटेस्टंट बंडाचे २७ पुढारी १६२१ साली इथे मारले गेले.

टीन चर्च चौकातच आहे. वेदीजवळच्या खांबाशी खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेची लाल संगमरवरी समाधी आहे. चिलखत घातलेला, एक हात गोलावर टेकवलेला. दुर्बीण नसलेल्या काळात या माणसाने नुसत्या डोळ्यांनी ग्रहांची स्थानं अचूक नोंदवली. तो १६०१ साली प्रागमध्येच वारला, आणि त्याच्या मंगळाच्या नोंदींवरून केप्लरने याच शहरात ग्रहगतीचे पहिले दोन नियम काढले. ते १६०९ साली छापले गेले. बाबांनी हे नियम नोकरीभर फळ्यावर लिहून शिकवले. तिथे ते हात मागे बांधून उभे राहिले आणि नातवाला हळू आवाजात लंबवर्तुळ समजावू लागले. फोटो काढायला मनाई होती, तरी मला ते दोघं आत्ताही तसेच दिसतात.

ज्यू वस्ती, सोनार गल्ली, वाक्लाव चौक हे सगळं राहिलं. ज्यांना ते हवं असेल त्यांनी मुक्काम करावा, एका दिवसात कोंबू नये. आमची परतीची गाडी संध्याकाळची होती आणि चौकातून स्टेशनपर्यंत टॅक्सी ॲपवरून बोलावली, कारण त्या वेळी आणखी फरसबंदी आईच्या पायांना नको होती. गाडीत बसल्यावर तिने पहिलं विचारलं ते असं : व्हिएन्नालाही अशी चढणारी ट्राम आहे का?