तुम्ही विचारलंत म्हणून: कोड तर तिथेच असतो, मग लोक का जातात?

हा प्रश्न मला सारखा येतो, शब्द बदलतात पण मुद्दा तोच. ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये कोड सगळ्यांचा, लायसन्स लिहून दिलेलं, नाही पटलं तर फोर्क करा, म्हणजे कोडची आपली वेगळी प्रत काढा, आणि पुढे चला, मग वरच्या लोकांनी एखादा निर्णय बदलला किंवा लांबवला म्हणून कम्युनिटी एवढी का बिथरते? विचारणारे बहुतेक नुकतेच पॅच (कोडमधले छोटे बदल) पाठवायला लागलेले असतात आणि त्यांना खरंच कळत नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. निर्णय चुकला तर लोक चिडतात, भांडतात, पण बहुतेक जण राहतात. निर्णय झालाय की नाही हेच कळत नसेल, किंवा आज झालेला उद्या टिकेल याची खात्री नसेल, तर मात्र लोक निघून जातात, आणि ते गेलेले बऱ्याचदा महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षातही येत नाही.

मी स्वतः यातून गेलेय. प्रोजेक्टचं नाव सांगत नाही. कोअर टीमने जाहीर केलं की जुना प्लगइन एपीआय (मूळ प्रोग्रामला बाहेरचे जोड-प्रोग्राम, म्हणजे प्लगइन, जोडण्याची ठरलेली पद्धत) पुढच्या मोठ्या रिलीजमध्ये काढणार, सगळ्यांनी नव्यावर या. मी तिथे दोन प्लगइन सांभाळत होते. नोकरी करून रात्री उशिरा आणि शनिवार-रविवार धरून जवळजवळ तीन महिने गेले, टेस्ट पुन्हा लिहिल्या, डॉक्युमेंटेशन बदललं, पुल रिक्वेस्ट, म्हणजे हे बदल घ्या अशी विनंती, टाकली, सगळ्या टेस्ट हिरव्या. आठवड्याने एका मेन्टेनरची (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याची) कॉमेंट आली की काम छान झालंय, पण नव्या एपीआयबद्दल टीममध्ये अजून विचार चालू आहे, थोडं थांबूया. थोडं म्हणजे किती, ते नाही. विचार कोण करतंय, तेही नाही. इकडे मेन ब्रँच, म्हणजे मुख्य कोड, पुढे सरकत राहायची, कॉन्फ्लिक्ट यायचे आणि मी दर आठवड्याला बसून रीबेस करायचे, म्हणजे माझे बदल नव्या कोडवर पुन्हा बसवायचे, कारण उद्या कुणी ते मर्ज करायला, मुख्य कोडमध्ये घ्यायला, आलंच तर आपल्या बाजूने अडायला नको. असे दोन महिने काढल्यावर एक दिवस पाहिलं तर रोडमॅपमधून ती ओळच गेलेली. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "ते तसं फायनल कधी नव्हतंच."

ते वाक्य मला फार लागलं. तीन महिने वाया गेले याचं वाईट वाटलंच, पण त्यापेक्षा हे जास्त खुपलं की ते फायनल नव्हतं तर मग यांचं आधीचं नक्की काय फायनल होतं? रिलीजच्या तारखा? जुन्या व्हर्जनच्या सपोर्टचा शब्द? एक ओळ अशी मागे घेतली की तिच्या आधीच्या सगळ्या ओळी माणूस पुन्हा संशयाने वाचायला लागतो.

कंपनीत प्लॅन बदलला तरी महिनाअखेर पगार येतो. इथे आम्ही बरेच जण आपला वेळ आधी देऊन बसतो, तो नुसत्या शब्दावर. आणि त्या शब्दावर फक्त कोड लिहिणारेच नसतात, भाषांतर करणारे, पॅकेज बनवणारे, सर्व्हर चालवणारे, सगळे त्याच्याच भरवशावर पुढची आखणी करतात.

सेंटओएसचं बघा, सर्व्हरवर चालणारी फुकट लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम. सेंटओएस ८ सप्टेंबर २०१९ मध्ये आलं, २०२९ पर्यंत सपोर्ट मिळणार या हिशोबाने लोकांनी सर्व्हर हलवले. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की ते ३१ डिसेंबर २०२१ ला बंद, पुढे फक्त सेंटओएस स्ट्रीम, म्हणजे सतत बदलत राहणारी आवृत्ती. स्ट्रीममागचा तांत्रिक विचार वाईट होता असं मी म्हणत नाही. पण गंमत नाही, खरंच असं झालं की ज्यांनी वेळेत अपग्रेड केलं त्यांच्या हातात एक वर्ष उरलं आणि जे जुन्या ७ वरच राहिले त्यांना जून २०२४ पर्यंत अपडेट मिळाले. म्हणजे ज्यांनी आधी विश्वास ठेवला त्यांचंच जास्त नुकसान. सेंटओएसची जागा घ्यायला रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स उभे राहिले ते यातूनच.

रेडिस या डेटाबेसच्या कंपनीनेही २०१८ मध्ये सांगितलं होतं की मूळ रेडिस बीएसडी या मोकळ्या ओपन सोर्स लायसन्सखालीच राहील. मार्च २०२४ मध्ये लायसन्स बदललं आणि काही दिवसांतच व्हॅल्की नावाचा फोर्क निघाला. मे २०२५ मध्ये एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय देऊन रेडिस पुन्हा ओपन सोर्स झालं, ते चांगलंच झालं, पण तोपर्यंत काही जुने मेन्टेनर व्हॅल्कीत कमिट करायला लागले होते.

याच्या उलट पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा. जुलै २०१८ मध्ये पीईपी ५७२ (भाषेत वॉलरस ऑपरेटर हे नवं चिन्ह आणण्याचा प्रस्ताव) वरच्या वादानंतर भाषेचे जनक गीडो व्हॅन रॉसम नेतृत्वातून बाजूला झाले आणि वारस कुणी नेमला नाही. एवढी मोठी भाषा आणि शेवटचा शब्द कुणाचा ते माहीत नाही, म्हणजे अनिश्चितता काही कमी नव्हती. पण कारभार कसा चालावा याचे सात प्रस्ताव लिहून समोर आले, मतदान कधी आणि मताचा हक्क कुणाला ते ठरलं, डिसेंबरमध्ये निकाल लागला आणि २०१९ च्या सुरुवातीला पाच जणांचं स्टिअरिंग कौन्सिल निवडून आलं. एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक त्यात नकोत हेही लिहून ठेवलं. आणि ज्यावरून एवढं झालं तो वॉलरस ऑपरेटर पायथॉन ३.८ मध्ये आला, अनेकांना आवडला नाही, तरी तेही राहिले.

आमच्या प्रोजेक्टमध्ये भांडण झालंच नाही, आणि मला वाटतं तेच वाईट होतं. एक जण होते, प्रत्येक पॅच ओळ न्‌ ओळ वाचायचे, व्हेरिएबलच्या नावावरूनसुद्धा समजावून सांगायचे, मी अर्धं त्यांच्याकडूनच शिकले. ते हळूहळू "ठीक वाटतंय" एवढंच लिहायला लागले, मग तेही बंद झालं. नव्या लोकांचे पॅच महिनामहिना पडून राहायला लागले. आणि जे येत होतं त्यात स्पेलिंगची दुरुस्ती, डिपेंडन्सीचं व्हर्जन वाढवणं, तुटलेली लिंक, असंच जास्त. कुणी ठरवून केलं नसेल, पण कुठल्याही निर्णयाने फुकट जाणार नाही एवढंच काम लोक हातात घेत होते.

मेन्टेनर मुद्दाम असं वागतात असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. ते थकलेले असतात, नाही म्हटलं तर समोरचा दुखावेल म्हणून "विचार चालू आहे" लिहितात, आणि लिहिताना त्यांना ते मऊ वाटतं. पण "मार्चपर्यंत आम्ही यावर ठरवणार नाही, तोवर जुनंच चालेल, ठरवणार हे तिघं" असं कुणी लिहिलं असतं तर मी त्या शनिवारी रीबेस करत बसले नसते, दुसरं काहीतरी केलं असतं आणि कदाचित अजून तिथे असते.

परत जाणार का, हेही विचारता. मध्यंतरी त्यांचा नवा रोडमॅप आला, मी पूर्ण वाचला. जुन्या प्लगइन एपीआयसमोर लिहिलं होतं, "काढण्याचा विचार आहे." तारीख नाही, नाव नाही. त्या आठवड्यात मी एक पॅच पाठवला, डॉक्युमेंटेशनमधली एक तुटलेली लिंक दुरुस्त करणारा. त्याच दिवशी मर्ज झाला.