नेत्राणीच्या तळाशी रेग्युलेटर बिघडला तर

मुंबईहून मत्स्यगंधा एक्सप्रेस, पहाटेच्या अंधारात मुर्डेश्वर स्टेशन, तिथून होडी. नेत्राणी बेट किनाऱ्यापासून साधारण 19 किलोमीटर आत आहे. होडी तास-दीड तास घेते आणि 123 फुटांचा महादेव मागे लहान होत जातो. देऊळ, गर्दी, जेवणखाण यावर खूप लोकांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते स्कूबा डायव्हिंगला निघालेल्या होडीत ऐकलेल्या एका प्रश्नाबद्दल. मालवणलाही तोच ऐकू येतो आणि अंदमानातल्या हॅवलॉकलाही: "खाली गेल्यावर मशीन बंद पडलं तर?" उत्तर ठरलेलं असतं: "काही होत नाही हो, आम्ही आहोत ना."

हे उत्तर मला अजिबात पटत नाही. बिघाड होतात. कुठला बिघाड कसा दिसतो आणि कसा ऐकू येतो हे आधी कळलं असेल, तर पाण्याखाली माणूस निम्मा शांत तिथेच होतो.

पहिली गोष्ट, जी होडीत कुणीच सांगत नाही: रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून तोंडात देणारं यंत्र, बिघडला तर सहसा बंद पडत नाही, उघडा पडतो. सेकंड स्टेजची, म्हणजे तोंडातल्या भागाची झडप हवेच्या वाहण्याच्या दिशेनेच उघडते. फर्स्ट स्टेजमधलं, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या भागातलं सीट (झडप टेकते ती जागा) झिजलं की मधल्या नळीतला दाब वाढत जातो आणि हवाच झडपेला ढकलून बाहेर येते. हवा खरोखर थांबते ती बहुतेक वेळा सिलिंडर संपल्यामुळे किंवा त्याचा व्हॉल्व्ह पूर्ण न उघडल्यामुळे. दुसरं कारण होडीतच पकडता येतं. गेजकडे, म्हणजे सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत चार-पाच खोल श्वास घ्यायचे. प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे.

हवा सुटत राहते याला फ्री-फ्लो म्हणतात. आवाज प्रचंड होतो, बुडबुड्यांनी समोरचं दिसत नाही, मास्क हलतो. घाबरवतो तो हा गोंधळ. हवा मात्र तोंडाशीच असते. माउथपीस तोंडातून काढून खाली वळवायचं, त्याच्या उघड्या तोंडावर बोट दाबायचं. बाजूला खटका असेल तर तो वजा खुणेकडे न्यायचा. वाळू, धक्का किंवा जोरात दाबलेलं पर्ज बटण (हवा सोडून आतलं पाणी बाहेर काढायचं) कारण असेल तर बऱ्याचदा एवढ्यावर थांबतं. नाही थांबलं तर ओठ घट्ट न मिटता, एक कोपरा मोकळा ठेवून, सोडलेल्या नळाखाली ओंजळीने पाणी प्यावं तशी लागेल तेवढीच हवा घ्यायची. बाकीची जाऊ द्यायची. शिकाऊ डायव्हरकडून हे 30 सेकंद करून घेतात आणि ते मनापासून करावं. तेवढ्यात बडीला, म्हणजे जोडीच्या डायव्हरला, खूण करून त्याचा ऑक्टोपस, म्हणजे जादा सेकंड स्टेज, तोंडात घ्यायचा आणि दोघांनी वर निघायचं. नेहमीच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये 11 लिटर जागा आणि 200 बार दाब, म्हणजे सुमारे 2200 लिटर हवा असते. पूर्ण फ्री-फ्लोमध्ये ती काही मिनिटांतच जाते. म्हणून निर्णय लगेच घ्यायचा, पण हात सावकाश चालवायचे.

घाबरलेला माणूस भराभर, उथळ श्वास घेतो. हवा घशापाशीच ये-जा करते, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि शरीर ओरडतं, "हवा नाही!" चांगला चालणारा रेग्युलेटर तोंडातून काढून फेकणारी माणसं असतात ती यामुळेच. म्हणून "खोल श्वास घ्या" हा सल्ला मला अपुरा वाटतो. आधी श्वास सोडायचा. लांब, पूर्ण, पोट आत जाईपर्यंत. आतला साचलेला वायू बाहेर गेला की पुढचा श्वास आपोआप खोल येतो. मग थांबायचं, विचार करायचा, आणि त्यानंतरच हात हलवायचे.

हे आकड्यांत बघा. शांत माणसाला पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटरच्या आसपास हवा लागते. 18 मीटरवर दाब 2.8 पट, म्हणजे सुमारे 55 लिटर. सिलिंडरमध्ये 50 बार उरले असतील तर 550 लिटर, म्हणजे दहाएक मिनिटं. मिनिटाला 9 मीटर या वेगाने वर यायला दोनच लागतात. तोच माणूस घाबरून दुप्पट ओढू लागला तर पाच मिनिटं. दोघं घाबरलेले एकाच सिलिंडरवर असतील तर अडीच. उपकरण तेच, हवा तेवढीच.

दुसरा बिघाड हवेच्या जॅकेटचा, म्हणजे बीसीडीचा. मिठाचे खडे किंवा वाळू अडकून फुगवायचं बटण दबलेलंच राहतं. जॅकेट फुगतं, वर जाताना आतली हवा पसरते, माणूस आणखी वेगाने वर जातो. इथे मात्र सावकाशपणा चालत नाही. डाव्या हाताने जॅकेटची नळी डोक्यावर धरून हवा सोडायचं बटण दाबायचं, उजव्या हाताने कपलिंगची, म्हणजे जोडाची कडी मागे ओढून सिलिंडरकडून हवा आणणारी नळी सुटी करायची. दाबाखाली ही कडी जड लागते, ओल्या हाताने आणखी जड. होडीत बसूनच सिलिंडर उघडा ठेवून ती दोन-तीनदा काढून लावावी.

नळी फुटली तर? गेजकडे जाणारी नळी फुटल्यावर दिसतं भयंकर, पण तिच्या तोंडाशी सुईएवढं छिद्र असल्यामुळे हवा हळू जाते. कमी दाबाची, म्हणजे तोंडाकडे किंवा जॅकेटकडे जाणारी नळी फुटली तर खरी घाई. माउथपीसची पट्टी तुटून ते निघालं, किंवा उच्छ्वासाच्या झडपेत वाळू अडकून श्वासासोबत पाणी येऊ लागलं, तर ऑक्टोपस घ्यायचा. तोवर जीभ टाळूला लावली की थेंब घशात जात नाहीत. मास्क भरला तर वरची कड कपाळाशी दाबून नाकाने श्वास सोडायचा. नवशिक्यांना सगळ्यात जास्त हेच घाबरवतं.

बडी दूर आणि हवा खरंच संपली तर रेग्युलेटर तोंडातच ठेवून, वर बघत, "आऽऽ" म्हणत सतत श्वास सोडत वर यायचं. 10 मीटरवरून पृष्ठभागापर्यंत फुप्फुसातली हवा दुप्पट होते. ती कोंडली तर फुप्फुस फाटतं. वर येताना बाहेरचा दाब उतरला की सिलिंडरमधून आणखी एखाद-दोन श्वास मिळतातही.

आता तक्रार. गर्दीच्या होड्यांवर पाहुण्याला काहीच करू देत नाहीत. सिलिंडर जोडून, जॅकेट चढवून, थेट पाण्यात. याला पाहुणचार म्हणतात. मला तो जिवाशी खेळ वाटतो. आपला ऑक्टोपस कुठे लटकलाय हे ज्याला डोळे मिटून सापडत नाही, त्याला तो खाली तर सापडणारच नाही. चांगले इन्स्ट्रक्टर होडीतच तुमच्याच हातांनी सगळं चाचपून घेतात. पट्टा आधी ओला करायला लावतात, कारण कोरडा आवळलेला नायलॉनचा पट्टा पाण्यात सैल पडून सिलिंडर घसरतो. पाच मिनिटं जास्त जातात. ती मागून घ्या.

नेत्राणीला सहसा दोन डाइव्ह होतात, मध्ये तासभर होडीतच. पहिल्या डाइव्हला हवा सोडलेला रेग्युलेटर बादलीत बुडवून दुसऱ्या सिलिंडरवर चढवू देऊ नका. धुतल्याने झिजलेलं सीट बरं होत नाही, आणि दाब नसताना पर्ज दाबून धुतला तर पाणी फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. त्याला चिंधी बांधून बाजूला ठेवायला सांगा. सुटा संच नसेल तर दुसरी डाइव्ह सोडा, पैसे गेले तरी.